कानपूरचे भंगार, लोहगावची विमाने

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बी-24 ‘लिबरेटर’ या जातीची 18,000 हून अधिक बॉम्बफेकी विमाने बांधली. अमेरिकेचे दुसरे कुठलेही लष्करी विमान आजवर एवढ्या संख्येने बनलेले नाही. युद्ध संपले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांतली बहुतेक वितळवून ॲल्युमिनियमच्या लाद्या झाल्या. आज जगभरात धड म्हणता येतील अशी लिबरेटर डझनभराच्या आसपास उरली आहेत आणि त्यांतली जवळपास निम्मी भारतीय हवाई दलाने सांभाळलेली आहेत. एक दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे, एक लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे गेले, एक कॅनडात ओटावाला, आणि तीन अमेरिकेत. ज्या देशाने ही विमाने हजारोंनी बांधली, त्याच देशातल्या संग्रहालयांना पुढे ती भारतातून न्यावी लागली.

या विमानांची सेवेतली शेवटची वर्षे ज्या 6 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये गेली तिचे घर पुण्याचे लोहगाव होते. तरी महाराष्ट्रात लिबरेटर हे नाव माहीत असणारा माणूस सहसा भेटत नाही. म्हणून या प्रकरणात विमानाइतकेच ते जगवणाऱ्या माणसांविषयीही लिहायचे आहे.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. बी-24 चे पहिले उड्डाण 29 डिसेंबर 1939 रोजी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे झाले. बांधणारी कंपनी कन्सॉलिडेटेड. त्याच्या आकाराचा अंदाज मुंबईकराला सहज येईल. नाहूर स्थानकात थांबलेल्या लोकलचा एक डबा साधारण 20.7 मीटर लांब असतो आणि लिबरेटरची नाकापासून शेपटीपर्यंतची लांबीही जवळजवळ तेवढीच, 20.6 मीटर. पंख मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 33.5 मीटर. लांब, अरुंद आणि जाड असे हे पंख डेव्हिस नावाच्या संशोधकाच्या रचनेवरून घेतलेले होते आणि विमानाचा सारा गुण-अवगुण त्यांच्यात होता. संथ, सरळ उड्डाणात हवेचा अडथळा कमी होई, त्यामुळे तेवढ्याच इंधनात लिबरेटर समकालीन विमानांपेक्षा लांबचा पल्ला गाठी. पण पंखावर बर्फ साचले किंवा गोळ्या लागल्या की हेच पंख दगा देत. बोइंगचे बी-17 छिन्नभिन्न होऊनही परतायचे. लिबरेटरबद्दल तशी खात्री कुणी देत नसे. पंख शरीराच्या वरच्या बाजूला असल्याने समुद्रात उतरायची वेळ आली तर पाण्याचा पहिला दणका पोटालाच बसे, आणि पोटाची दारे पातळ पत्र्याची.

ती दारे पाहण्यासारखी होती. इतर बॉम्बफेकी विमानांची पोटाची दारे बिजागरीवर खाली उघडत. लिबरेटरची दारे नालीदार पत्र्याच्या शटरसारखी विमानाच्या कुशीवर सरकून वर जात. त्यामुळे बॉम्ब टाकताना वाऱ्याचा विरोध वाढत नसे. दारांच्या वर, बॉम्बच्या रांगांमधून, पुढून मागे जायला जेमतेम वीतभर रुंदीची पट्टी होती. पाठीवर पॅराशूट बांधलेल्या माणसाला तीवरून जाताना अंग चोरावे लागे आणि पाय घसरला तर खाली ती पातळ दारेच. विमानात इंधनाचा वास कायम रेंगाळे. तो साचू नये म्हणून कित्येक चालक उड्डाणात ही दारे थोडी किलकिली ठेवत.

चार इंजिने प्रॅट अँड व्हिटनीची ‘ट्विन वास्प’. प्रत्येकात चौदा सिलिंडर दोन चक्रांत मांडलेले, प्रत्येकाची ताकद 1,200 अश्वशक्ती. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एका विमानाला 112 प्लग. या इंजिनाचे नाव लक्षात ठेवा, कारण भारतात लिबरेटर तगले त्यामागे या इंजिनाचा मोठा वाटा आहे.

फोर्डने मिशिगनमधील विलो रन येथे या विमानासाठी प्रचंड कारखाना उभारला आणि 1944 मध्ये तिथून सरासरी तासाला एक विमान बाहेर पडू लागले. युरोपात रुमानियाच्या प्लोएश्ती तेलकारखान्यांवर 1 ऑगस्ट 1943 रोजी झालेल्या हल्ल्यात 170 हून अधिक लिबरेटर गेली आणि पन्नासहून अधिक परतली नाहीत. त्याच वर्षी अटलांटिकवर मात्र याच विमानाने वेगळे काम केले. समुद्राच्या मध्यभागी एक पट्टा होता, जिथे किनाऱ्यावरून उडणारे कुठलेच विमान पोचत नसे आणि जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे बिनधास्त बुडवत. जादा इंधनाच्या टाक्या बसवलेली लिबरेटर तिथवर पोचू लागली आणि तो पट्टा पाणबुड्यांसाठी सुरक्षित राहिला नाही. माझ्या मते या विमानाची सर्वांत मोठी कामगिरी हीच. शहरे जाळण्यापेक्षा जहाजे वाचवण्यात त्याचा पल्ला अधिक सार्थकी लागला.

भारतात ब्रिटिशांची लिबरेटर 1942 च्या अखेरीपासून लढू लागली. बंगालमध्ये मिदनापूर जिल्ह्यात साल्बोनी, दिग्री अशा ठिकाणी धावपट्ट्या झाल्या. तिथून ब्रह्मदेशातील रेल्वे, पूल, रंगूनच्या गोद्या यांवर हल्ले होत. 1944 च्या ऑक्टोबरात 159 क्रमांकाच्या स्क्वाड्रनची विमाने दिग्रीहून उडून मलायातील पेनांग बंदरात सुरुंग पेरून आली. जाऊन-येऊन 3,000 मैलांहून जास्त अंतर! त्यासाठी विमानातील प्रत्येक अनावश्यक वस्तू उतरवून तेवढे पेट्रोल भरले होते. वैमानिकांचे प्रशिक्षण बंगळूरजवळ कोलार येथे चाले.

याच मिदनापूरला ऑक्टोबर 1942 मध्ये भयंकर चक्रीवादळाने झोडपले होते आणि 1943 च्या बंगालच्या दुष्काळात तिथली माणसे अन्नावाचून मेली. त्याच मातीवर त्या काळात काँक्रीटच्या धावपट्ट्या पसरत होत्या आणि पेट्रोलच्या गाड्या येत होत्या. विमानाच्या इतिहासाची पुस्तके हे दोन प्रसंग एका पानावर आणत नाहीत. मला ते वेगळे ठेवता येत नाहीत. यंत्राविषयीचे प्रेम खरे असेल तर त्या यंत्रासाठी कोणी काय मोजले हेही नोंदले पाहिजे.

ऑगस्ट 1945 मध्ये जपान शरण आला आणि ही सारी विमाने एका दिवसात निरुपयोगी ठरली. ब्रिटनला ती अमेरिकेकडून लेंड-लीज करारावर मिळालेली होती. युद्ध संपल्यावर ती परत करायची किंवा पुन्हा वापरता येणार नाहीत अशी करून टाकायची, असा त्या व्यवहाराचा अर्थ होता. समुद्रापार परत न्यायला अमेरिकेलाही ती नको होती. मग आग्नेय आशियातली लिबरेटर एकेक करून कानपूरजवळच्या चकेरी तळावर आणून उभी केली गेली. तिथे त्यांची पद्धतशीर मोडतोड झाली. जड यंत्रे अंगावर घालून सांगाडे चेपले, कुदळींनी पत्रे फोडले, इंजिनांत वाळू ओतली. मग ब्रिटिश निघून गेले आणि विमाने उन्हापावसात तशीच पडून राहिली.

स्वतंत्र भारताच्या हवाई दलाकडे तेव्हा एकही जड बॉम्बफेकी विमान नव्हते. 1947-48 च्या काश्मीर युद्धात माल वाहणाऱ्या डकोटा विमानांच्या उघड्या दारातून बॉम्ब लोटण्याची पाळी आली होती. नवी विमाने विकत घ्यायला ना पैसा होता, ना कोणी झटपट द्यायला तयार होते. तेव्हा चकेरीच्या भंगाराकडे लक्ष गेले आणि काम बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याकडे आले.

हा कारखाना काढला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. 1939 मध्ये विमानप्रवासात त्यांची गाठ अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांच्याशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. त्या भेटीतून कल्पना निघाली, म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवल दिले आणि 23 डिसेंबर 1940 रोजी कंपनीची नोंदणी झाली. जहाजबांधणी, साखर, बांधकाम अशा कित्येक उद्योगांत पाय रोवलेल्या वालचंदांचा हा सर्वांत धाडसी डाव होता, पण तो त्यांच्या हाती फार टिकला नाही. जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्यावर 1942 मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला आणि 1943 मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या देखरेखीखाली गेला. वालचंदांचे स्वप्न होते विमाने बांधण्याचे. युद्धाने कारखान्याला शिकवले विमाने दुरुस्त करायला. पूर्वेकडच्या आघाडीवरून आलेली शेकडो विमाने आणि इंजिने बंगळूरच्या कामगारांनी उकलली, साफ केली, जुळवली. त्यांत ट्विन वास्प इंजिने भरपूर होती, कारण याच कुळातले इंजिन डकोटालाही असते आणि कॅटलिना या समुद्री विमानालाही. 1948 मध्ये चकेरीचे भंगार समोर आले, तेव्हा या इंजिनाची नस ओळखणारे हात देशात तयार होते. वालचंदांना त्याचे श्रेय सहसा दिले जात नाही. द्यायला हवे.

बंगळूरहून येल्लप्पा यांच्या नेतृत्वाखाली तंत्रज्ञांची एक तुकडी कानपूरला गेली. त्यांनी चकेरीवरच्या सांगाड्यांतून त्यातल्या त्यात बरे निवडले. एकाचे शेपूट शाबूत, दुसऱ्याचा पंख, तिसऱ्याची पुढच्या चाकाची दांडी. चारातून एक उभे करायचे आणि तेही फक्त एका प्रवासापुरते, कानपूर ते बंगळूर. पूर्ण दुरुस्ती तिथे व्हायची. इंधन व तेलाच्या नळ्या, सुकाणूच्या तारा, ब्रेक आणि इंजिने एवढे भरवशाचे झाले की विमान तयार मानायचे.

मग ते उडवायचे कोणी? हिंदुस्तान एअरक्राफ्टचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी हे अंगावर घेतले. पूर्वी लिबरेटर चालवल्याचा अनुभव त्यांना नव्हता. पुस्तिका वाचून, यंत्र समजून घेऊन त्यांनी अशी चाळीसच्या आसपास विमाने कानपूरहून बंगळूरला सुखरूप नेली. यातला धोका नीट समजून घ्यायला हवा. साधारणपणे चाचणी वैमानिक ज्या विमानात बसतो त्याचा प्रत्येक भाग कारखान्यात तपासलेला असतो. मुन्शी ज्यात बसत होते ते मुद्दाम निकामी केलेले, दोन-तीन पावसाळे उघड्यावर काढलेले आणि निरनिराळ्या विमानांच्या अवयवांतून जोडलेले होते. एका पत्र्यामागे लपलेली भेग किंवा नळीत अडकलेली चिमूटभर वाळूही पुरेशी होती. अशा दर उड्डाणात हीच शक्यता होती आणि एकाही उड्डाणात ती खरी ठरली नाही. भारतीय विमानविद्येच्या इतिहासात एवढे मोठे आणि एवढे कमी गाजलेले काम मला दुसरे दिसत नाही.

पहिली दुरुस्त विमाने 1948 च्या नोव्हेंबरात हवाई दलाच्या ताब्यात आली आणि 2 नोव्हेंबर 1948 रोजी त्यांच्यासाठी 5 क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. इंग्रजांनी मोडून टाकलेल्या विमानांवर आता भारतीय हवाई दलाचे चिन्ह आले. पुढे 1957 मध्ये या स्क्वाड्रनला कॅनबेरा जेट मिळाली. लिबरेटरचे बॉम्बफेकीचे दिवस संपत आले, पण समुद्रावरच्या टेहळणीचे काम तोवर त्यांना मिळालेले होते आणि ती गोष्ट लोहगावची.

लोहगावचा तळ ब्रिटिशांनी 1939 मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारला. आज पुणे विमानतळावर उतरणारा प्रवासी याच तळाच्या धावपट्टीवर उतरतो. 1951 च्या आरंभी इथे 6 क्रमांकाची स्क्वाड्रन लिबरेटर घेऊन नव्याने उभी राहिली. काम होते सागरी टेहळणीचे. अटलांटिकवर जो लांब पल्ला उपयोगी पडला, तोच आता अरबी समुद्रावर हवा होता. विमानांवर समुद्रशोधाची रडार यंत्रणा बसवली गेली. लोहगावहून उडायचे, सह्याद्री ओलांडायचा, कोकण किनारा मागे टाकायचा आणि मग तासन्‌तास पाण्यावर ठरल्या रेषांनी हिंडत जहाजांच्या नोंदी घ्यायच्या, असे या उड्डाणांचे स्वरूप. दबावयुक्त केबिन नाही, पंख्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज, अंगाला झोंबणारा वारा. यात शौर्यपदकाला साजेसा प्रसंग क्वचितच येतो. सहनशक्ती मात्र रोजच लागते.

विमान उडण्याआधी जमिनीवर काय चाले ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. ट्विन वास्पसारखे गोल मांडणीचे इंजिन रात्रभर उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. तसेच सुरू केले तर तेल दाबले जात नाही, दट्ट्याची दांडी वाकते आणि इंजिन कामातून जाते. म्हणून सकाळी सुरू करण्याआधी ग्राउंड क्रूचे जवान पंख्याचे एकेक पाते हाताने खाली ओढत पंखा फिरवतात. पाते अडल्यासारखे वाटले की जोर लावायचा नाही. खालच्या सिलिंडरांचे प्लग काढायचे, तेल वाहू द्यायचे, प्लग पुसून परत बसवायचे. चार इंजिने, चार पंखे, प्रत्येक उड्डाणाआधी. पुण्याच्या डिसेंबरातल्या पहाटे तेल काकवीसारखे घट्ट झालेले असताना हे करताना खांदे भरून येत असणार. पावसाळ्यात विजेच्या जोडण्यांत ओल शिरे, 112 प्लगांपैकी कुठला रुसला हे शोधावे लागे. सुट्या भागांचा पुरवठा तर कधीचा आटला होता, कारण जगात हे विमान वापरणारे कोणी उरतच नव्हते. भाग हवा तर उरलेल्या विमानातून काढायचा किंवा बंगळूरला घडवून घ्यायचा. हवाई दलाकडे भरपूर डकोटा होती, म्हणून इंजिनांची निगा राखता आली. नाहीतर लिबरेटर कधीच जमिनीला खिळली असती.

1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त करताना पुण्याहून उडालेल्या कॅनबेरांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्या सुमारास 6 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये लिबरेटरच्या जोडीला एअर इंडियाकडून आलेली सुपर कॉन्स्टेलेशन विमानेही दाखल झाली होती. त्यांतले एक पुढे नौदलाकडे गेले आणि आज वास्को-द-गामाजवळ बोगमाळो रस्त्यावरील नौदल विमान संग्रहालयात उभे आहे. लिबरेटर मात्र 1968 पर्यंत उडत राहिली. त्या वर्षी ती निवृत्त झाली, तेव्हा बी-24 लष्करी सेवेत वापरणारे भारतीय हवाई दल हे जगातील शेवटचे मोठे हवाई दल होते. मोडलेल्या अवस्थेत सापडलेली विमाने वीस वर्षे चालवली गेली.

निवृत्तीची बातमी पसरली आणि परदेशातून विचारणा येऊ लागल्या. 1968 मध्येच एक विमान कॅनडाला गेले. बदल्यात भारताला लायसँडर हे जुने विमान मिळाले, ते पालमला आहे. 1969 मध्ये दुसरे ॲरिझोनातील टूसॉनला गेले आणि पिमा संग्रहालयात स्थिरावले. 1973 मध्ये आणखी एक अमेरिकन संग्राहकाकडे गेले, ते पुढे फ्लोरिडातील पोक सिटीला पोचले. 1974 मध्ये भारतीय हवाई दलाने एक विमान ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला भेट दिले. ही विमाने पेटाऱ्यांत भरून पाठवली नाहीत. भारतातून स्वतःच्या पंखांवर उडत गेली. पंचवीस-तीस वर्षांची, एकदा ‘नष्ट’ केलेली विमाने खंड ओलांडून गेली, यापेक्षा लोहगाव-बंगळूरच्या फिटरांना मोठे प्रमाणपत्र कुणी देऊ शकणार नाही.

सहावे विमान उशिरा गेले. 1980 च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडच्या डग अर्नोल्ड या संग्राहकाने ते घेतले, मालवाहू विमानात घालून इंग्लंडला नेले आणि 1984 मध्ये अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनने ते विकत घेतले. त्यांनी ते पुरते उकलले, हजारो तास खर्ची घालून जुळवले आणि 1989 मध्ये पुन्हा आकाशात नेले. पुढची तीस वर्षे ते अमेरिकाभर हिंडले, लोकांनी पैसे देऊन त्यात फेरी मारली.

इथे जतनाच्या जगातला जुना वाद येतो. जुने विमान उडते ठेवावे की उभे ठेवावे? उडते ठेवायचे तर झिजलेला प्रत्येक भाग बदलावा लागतो आणि हळूहळू मूळ विमान कमी, नवे जास्त अशी स्थिती येते. शिवाय यंत्रासोबत माणसेही पणाला लागतात. 2 ऑक्टोबर 2019 रोजी याच फाउंडेशनचे बी-17 कनेक्टिकटमध्ये कोसळून सात जण गेले आणि त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने त्यांची प्रवासी फेऱ्यांची परवानगी काढून घेतली. 12 नोव्हेंबर 2022 रोजी डॅलसच्या हवाई प्रदर्शनात दुसऱ्या संस्थेचे बी-17 एका लढाऊ विमानाशी धडकून सहा जण मेले. इंजिनाचा आवाज ऐकण्याचे सुख मला समजते. पण उरलेली विमाने डझनभरच असताना आणि त्यांच्यासोबत माणसे मरत असताना ती जमिनीवर ठेवावीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

जमिनीवर ठेवणे म्हणजे स्वस्थ सोडून देणे नव्हे. लिबरेटरचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. तो थर शाबूत आहे तोवर गंज आत जात नाही. पण रिव्हेटच्या भोकाशी, पत्र्याच्या जोडावर आणि पोलादी बोल्ट जिथे ॲल्युमिनियमला टेकतो तिथे ओल साचली की दोन धातूंमध्ये सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत उतरत जाते. बाहेरून रंग चकचकीत दिसतो आणि आत पत्र्याचे थर सुटलेले असतात. पक्ष्यांची घरटी व विष्ठा, तुंबलेली पाणी निघण्याची भोके, उन्हाने तडकलेले टायर, पिवळे पडलेले काचपटल, हे सगळे छोटे दिसणारे शत्रू वर्षानुवर्षे काम करतात. उपाय ठाऊक आहेत. छप्पर, भोके मोकळी ठेवणे, जोड उकलून साफ करून मेणयुक्त संरक्षक लेप देणे, वजन टायरांवर न ठेवता टेकूंवर घेणे. त्यात गूढ काही नाही, फक्त खंड पडता कामा नये.

पालमच्या संग्रहालयातले एचई 924 क्रमांकाचे लिबरेटर भारतात उरलेले एकमेव. जुलैच्या पावसात आणि मेच्या उन्हात उघड्यावर उभे राहायची वेळ या विमानावर येऊ नये. एवढे मोठे छप्पर खर्चिक असते हे मान्य, पण जे विमान दुसरा कुठलाही देश दाखवू शकणार नाही अशा अवस्थेत, म्हणजे आपल्या स्वतःच्या खुणांसह, आपल्याकडे आहे, त्याच्यावर छप्पर घालणे हा हट्ट धरण्यासारखा आहे.

‘आपल्या खुणांसह’ हे मुद्दाम म्हटले. कॅनडातील विमान कॅनडाच्या हवाई दलाच्या रंगात रंगवले गेले. पिमाच्या विमानावर युरोपातील एका अमेरिकन बॉम्बर तुकडीच्या विमानाचे नाव आहे, ‘बंगे बकरू’. कॉलिंग्जच्या विमानाने एकापाठोपाठ तीन अमेरिकन नावे धारण केली, शेवटचे ‘विचक्राफ्ट’. ज्या तुकड्यांच्या स्मृतीसाठी ही रंगरंगोटी झाली त्यांच्याबद्दल आदरच आहे. परंतु ही विमाने महायुद्धात उडाली वर्ष-दीड वर्ष आणि भारतीय हवाई दलात तब्बल वीस वर्षे. त्यांचे आजचे असणे त्या वीस वर्षांमुळे आहे, आणि नेमकी तीच वर्षे रंगाखाली गेली. अमेरिकन पर्यटक त्या विमानापुढे छायाचित्र काढतो, तेव्हा त्याच्या पंखातले कित्येक रिव्हेट कन्नड, तमिळ, मराठी बोलणाऱ्या हातांनी ठोकलेले आहेत हे त्याला सांगायला तिथे कोणी नसते.

परदेशी संग्रहालयांना दोष देण्याआधी आपण आपल्याकडे काय नोंदले ते पाहू. स्क्वाड्रनचा औपचारिक इतिहास, वैमानिकांच्या काही आठवणी, एवढे आहे. फिटर, रिगर, रडारवाले, शस्त्रागारातले, पहाटे पंखे ओढणारे, यांचे जवळजवळ काही नाही. 1951 ते 1968 या काळात लोहगावला काम केलेल्यांतले बहुतेक आता हयात नाहीत. जे आहेत ते ऐंशीच्या आसपास किंवा पुढचे. पण त्यांची घरे आहेत, पुण्यात विश्रांतवाडी, धानोरी, खडकीत आणि मुंबईच्या उपनगरांतही, कारण हवाई दलातून सुटलेला तंत्रज्ञ नोकरीसाठी कारखाने होते तिकडे गेला. नाहूर, भांडुप, मुलुंडच्या पट्ट्यात आज जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात चालू आहे. घर रिकामे करताना माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली येते. आत आजोबांचे सेवापुस्तक, विमानापुढे उभ्या असलेल्या दहा-बारा जणांचा धुरकट फोटो, इंग्रजी यंत्रपुस्तिका, एखादे पितळी मापयंत्र असते. घाईत ते रद्दीवाल्याकडे जाते.

तसे होऊ देऊ नका. फोटोच्या मागे नावे, गाव आणि साल पेन्सिलीने लिहा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कोऱ्या कागदात गुंडाळा, दमट हवेत प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. प्रत्येक पानाचे फोनवर छायाचित्र घ्या. घरात तळावर काम केलेले कोणी वृद्ध असतील तर त्यांना बोलते करा आणि ध्वनिमुद्रण करा, एक तास पुरतो. मग पालमचे हवाई दल संग्रहालय किंवा बंगळूरचे एचएएलचे (म्हणजे पूर्वीच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचे) वारसा संग्रहालय यांना पत्र लिहून ही सामग्री आहे एवढे कळवा. मूळ वस्तू द्यायची की प्रत, ते नंतर ठरवता येईल. फोटोत मागे चार पंख्यांचे, दोन शेपट्या असलेले मोठे विमान दिसले, तर ते पत्र त्याच आठवड्यात लिहा.